कानाने वाचायची नाणी

चीनमधील नाण्याच्या आकाराचे ताईत हुबेहूब नाण्यांसारखे दिसतात, पण ते बाजारात चालणारे चलन नव्हते. इडापिडा टळावी आणि घरादाराचे भले व्हावे म्हणून ते कांस्य किंवा पितळेत ओतले जात. चिनी भाषेत त्यांना ‘हुआछिएन’, म्हणजे ‘फुलनाणी’ म्हणतात. सुमारे २,००० वर्षांपूर्वीच्या हान राजवटीपासून ते आढळतात.

गोल कडा म्हणजे आकाश आणि मधले चौकोनी छिद्र म्हणजे पृथ्वी, ही नाण्याची जुनी कल्पना ताइतांनीही जपली. हान काळात नेहमीच्या नाण्यांवर तारे, चंद्रकोर अशी शुभचिन्हे उमटवली जात. पुढे स्वतंत्र ताईत घडू लागले. इ. स. ९५५ मध्ये उत्तरकालीन चौ राजवटीच्या शिझोंग सम्राटाने बुद्धमूर्ती वितळवून नाणी पाडली. ती बाळंतपण सुखरूप करतात, अशी लोकश्रद्धा रुजली आणि त्या नाण्यांवरचाच लेख असलेले ताईत पुढे शतकानुशतके निघत राहिले.

या ताइतांचा खरा गाभा म्हणजे श्लेष. वटवाघूळ आणि सुख या दोहोंचा उच्चार ‘फू’; म्हणून वटवाघूळ शुभ, आणि पाच वटवाघळे म्हणजे पाच सुखे. मासा ‘यू’, शिल्लकही ‘यू’. हरीण ‘लू’, सरकारी वेतनही ‘लू’. एका चित्रात वटवाघळापुढे नाणे असते. नाण्याला ‘छिएन’ म्हणतात, ‘समोर’ यालाही ‘छिएन’. नाण्याचे छिद्र म्हणजे त्याचा ‘डोळा’. सगळे मिळून वाक्य होते: ‘सुख डोळ्यांसमोर आहे.’

काही चिन्हे मात्र श्लेषाविना बोलतात. पीच हे फळ दीर्घायुष्याचे. साप, विंचू, गोम, बेडूक आणि कोळी (कधी पाल) या ‘पाच विषां’चे ताईत पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी अंगावर बाळगत. काट्याने काटा काढावा, हा त्यामागचा विचार. लहान मुलाच्या गळ्यात कुलपाच्या आकाराचा ताईत बांधत, प्राण देहाशी जखडून राहावा म्हणून. त्यावर बहुधा दीर्घायुष्य, धन आणि मानाची इच्छा कोरलेली असे.

भारताशी यांचा धागा मंत्राचा आहे. काही बौद्ध ताइतांवर अवलोकितेश्वराचा षडक्षरी संस्कृत मंत्र चिनी अक्षरांत उच्चार जुळवून दिला आहे. तिथेही अर्थापेक्षा नाद महत्त्वाचा. म्हणूनच असा ताईत हाती आला, तर त्यावरील चित्राचे चिनी नाव आधी विचारावे. चित्राचा अर्थ बहुधा त्या नावातच सापडतो.