नोटेवरचं देवाचं नाव

एक डॉलरची नोट पालथी केली की मधोमध ठळक 'वन' दिसतं. त्याच्या डाव्या बाजूला अपुरा पिरॅमिड आणि त्यावर तेजाच्या वलयातला एक डोळा, उजव्या बाजूला पंख पसरलेला गरुड. गरुडाच्या चोचीत एक फीत आहे आणि तिच्यावरची अक्षरं इतकी बारीक, की ती नीट वाचायला भिंग हाताशी असलेलं बरं. 'ई प्लुरिबस युनम', म्हणजे अनेकांतून एक. अमेरिकेची राजमुद्रा १७८२ साली ठरली, तेव्हापासून हे लॅटिन शब्द तिच्यावर आहेत. आणि त्या 'वन'च्या डोक्यावर, भिंगाशिवाय सहज वाचता येईल अशा अक्षरांत, दुसरं ब्रीद आहे : 'इन गॉड वुइ ट्रस्ट'. ईश्वरावर आमचा विश्वास आहे. बारीक अक्षरांतलं ब्रीद देशाच्या जन्मकाळचं, ठळक अक्षरांतलं नोटेवर १९५७ साली आलेलं.

ही तारीख महत्त्वाची आहे, कारण हे ब्रीद देशाच्या संस्थापकांनीच दिलं असा समज आजही पुष्कळांचा असतो. तसं काही झालेलं नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेने कोणत्याही सरकारी पदासाठी धार्मिक कसोटी लावायला मनाई केली. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सरकारला कोणताही धर्म प्रस्थापित करण्यापासून रोखलं आणि नागरिकांचं धर्मपालनाचं स्वातंत्र्यही राखलं. नाण्यांवर तेव्हा 'लिबर्टी' हा शब्द होता आणि स्वातंत्र्यदेवतेची मूर्ती होती. देव नव्हता.

देव आला यादवीत. १३ नोव्हेंबर १८६१ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या रिडलीविलचे धर्मोपदेशक मार्क वॉटकिन्सन यांनी अर्थमंत्री सॅमन चेस यांना पत्र लिहिलं. यादवीचं ते पहिलं वर्ष होतं, उत्तरेकडच्या सैन्याने मार खाल्ला होता. वॉटकिन्सन यांची चिंता वेगळीच होती. हे प्रजासत्ताक उद्या मोडून पडलं, तर पुढच्या शतकांतले संशोधक आपली नाणी पाहून आपण मूर्तिपूजक होतो असं समजतील! म्हणून स्वातंत्र्यदेवी काढावी आणि ईश्वराचा उल्लेख घालावा, असं त्यांनी सुचवलं. मराठी वाचकाने या कारणाशी क्षणभर थांबावं. नाण्यावरच्या त्या 'गॉड'ची पहिली मागणी 'आम्ही मूर्तिपूजक नाही' हे जगाला सांगण्यासाठी झाली होती. ज्यांच्या देव्हाऱ्यात मूर्ती आहेत त्यांना वगळूनच त्या वाक्यातलं 'आम्ही' सुरू झालं.

चेस यांना कल्पना पटली. आठवड्याभरात त्यांनी फिलाडेल्फियाच्या टाकसाळीचे संचालक जेम्स पोलॉक यांना ब्रीद तयार करायला सांगितलं. 'आमचा देश, आमचा देव', 'ईश्वर, आमचा विश्वास' असे मसुदे झाले. १८६३ च्या डिसेंबरात चेस यांनी त्यात फेरफार केले आणि आजचे शब्द ठरले. एप्रिल १८६४ मध्ये कायदा झाला आणि त्याच वर्षी दोन सेंटच्या ब्राँझच्या नाण्यावर, ढालीच्या वरच्या फितीवर, हे शब्द प्रथम उमटले.

पुढचा प्रसंग या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका आहे. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना अमेरिकेची नाणी बेढब वाटत. त्यांनी ऑगस्टस सेंट-गॉडन्स या थोर शिल्पकाराकडून दहा आणि वीस डॉलरच्या सोन्याच्या नाण्यांची नवी रचना करून घेतली. १९०७ साली ती नाणी बाहेर पडली आणि गदारोळ उठला, कारण त्यांवर ईश्वराचं नाव नव्हतं. त्यावर रूझवेल्ट यांनी एका धर्मोपदेशकाला पत्रातून उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं असं, की इतकं उदात्त वाक्य नाण्यावर छापणं हे देवाच्या विटंबनेजवळ जाणारं आहे. नाण्यावरच्या या वाक्याबद्दल कुणी आदराने बोललेलं आपण आयुष्यात ऐकलं नाही, त्यावरून होणारी थट्टा मात्र पुष्कळ ऐकली, असंही त्यांनी लिहिलं. रूझवेल्ट नास्तिक नव्हते. सरकारी वास्तूंवर, न्यायालयांत, कायदेमंडळांच्या सभागृहांत हे वाक्य कोरायला त्यांची हरकत नव्हती. त्यांना खुपत होतं ते त्याचं बाजारात फिरणं. काँग्रेसने त्यांचं ऐकलं नाही. मे १९०८ मध्ये कायदा करून ब्रीद त्या नाण्यांवर परत आलं.

रूझवेल्ट यांचा हा विचार आपल्या इतिहासात अडीचशे वर्षं आधी झालेला होता, आणि तोही औरंगजेबाकडून. शाहजहानच्या नाण्यांवर कलिमा असे. गादीवर आल्यावर औरंगजेबाने तो काढून टाकला. नाणं कुणाच्याही हातात जातं, कुठेही पडतं, परधर्मीयांच्या हाती जाऊन त्या पवित्र शब्दांचा अवमान होतो, हे कारण. त्याचं धर्मवेड महाराष्ट्राने भोगलं आहे. पण श्रद्धेचे शब्द आणि व्यवहाराचं चलन यांची जात वेगळी, हे त्यालाही दिसलं होतं.

नोटांवर ब्रीद आलं ते शीतयुद्धात. १९५३ मध्ये आर्कान्सॉतले नाणेसंग्राहक मॅथ्यू रॉथर्ट चर्चमध्ये बसले होते. दानाचं तबक हातोहात फिरत समोर आलं. त्यात नाणी होती, नोटाही होत्या. नाण्यांवर ईश्वराचं नाव होतं, नोटा कोऱ्या होत्या. परदेशात नाण्यांपेक्षा नोटाच जास्त फिरतात, तेव्हा त्यांच्यावर ब्रीद असेल तर अमेरिकेच्या श्रद्धेचा निरोप जगभर जाईल, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी पाठपुरावा सुरू केला. तो काळही त्याला अनुकूल होता. सोव्हिएत संघ देव न मानणारा, म्हणून अमेरिकेने देव मानतो हे ठासून सांगायचं, अशी हवा होती. १९५४ मध्ये शाळांतल्या ध्वजप्रतिज्ञेत 'ईश्वराच्या छत्राखाली' या अर्थाचे शब्द घातले गेले. ११ जुलै १९५५ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सर्व नाण्यानोटांवर ब्रीद सक्तीचं करणाऱ्या कायद्यावर सही केली. वर्षभराने, ३० जुलै १९५६ ला, तेच अधिकृत राष्ट्रीय ब्रीद झालं. १ ऑक्टोबर १९५७ पासून डॉलरची नवी नोट लोकांच्या हातात पडू लागली.

म्हणजे ब्रीद दोनदा आलं आणि दोन्ही वेळा संकटाच्या सावलीत आलं. एकदा घरच्या युद्धात, एकदा बाहेरच्या शत्रूच्या धाकाने. भेदरलेल्या माणसाने देवाचं नाव घेणं यात गैर काही नाही, ते अगदी स्वाभाविक आहे. पण व्यक्तीने नाव घेणं वेगळं आणि सरकारने कायदा करून ते प्रत्येकाच्या खिशात घालणं वेगळं.

न्यायालयांनी यावर काय म्हटलं? नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने १९७० मध्ये 'अ‍ॅरोनाव' खटल्यात ब्रीद कायम ठेवलं. त्याचा वापर देशभक्तीपर किंवा औपचारिक आहे, धर्म प्रस्थापित करण्याशी त्याचा काही संबंध नाही, असं कारण दिलं. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी १९८४ च्या एका भिन्नमतात हेच आणखी उघड केलं. सतत घोकल्यामुळे अशा शब्दांमधला धार्मिक आशय जवळजवळ निघून गेला आहे, म्हणून ते चालू शकतात, असा त्यांचा विचार होता.

इथे श्रद्धावान माणसाने दचकायला हवं. ब्रीद टिकलं ते त्यात आता देव उरलेला नाही या युक्तिवादावर! ज्यांनी ते देवाच्या प्रेमाने नाण्यावर आणलं, त्यांच्या वारसांना न्यायालयात त्या शब्दांची पोकळी सिद्ध करावी लागते. हे वाक्य खरी प्रार्थना असेल तर ती नागरिकांच्या नावाने करण्याचा अधिकार सरकारला नाही. आणि ती प्रार्थना नसेल तर देवाचं नाव फुकट घेतलं जात आहे. यातून सुटायची तिसरी वाट प्रस्तुत लेखकाला दिसत नाही.

ही हरकत केवळ नास्तिकांची नाही. अलीकडच्या एका खटल्यातला एक वादी धार्मिक ज्यू होता. ईश्वराचं नाव व्यावहारिक कागदांवर विनाकारण छापणं आणि मग ते नष्ट होणं त्याच्या धर्मात वर्ज्य आहे. नोट वापरली की त्या कृत्यात आपलाही हातभार लागतो, असं त्याचं म्हणणं होतं. सहाव्या सर्किटच्या न्यायालयाने २०१८ मध्ये ते मान्य केलं नाही. रोख पैसे वापरण्याची सक्ती कुठे आहे, इतर मार्ग आहेत, असा त्या निकालाचा रोख होता.

सरकारी मालमत्तेचा प्रश्न नोटेपेक्षा अवघड आहे, कारण भिंत खिशात घालता येत नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये मोटारीच्या सरकारी पाटीवर 'स्वतंत्र जगा किंवा मरा' अशा अर्थाचं राज्याचं ब्रीद असे. 'यहोवाज् विटनेसेस' पंथाच्या एका दांपत्याला ते आपल्या श्रद्धेविरुद्ध वाटलं. त्यांनी पाटीवरच्या त्या शब्दांवर पट्टी चिकटवली. दंड झाला, तो भरायला नकार दिला म्हणून नवऱ्याला १५ दिवस तुरुंगात काढावे लागले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दांपत्याच्या बाजूने निकाल दिला : राज्याचा संदेश मिरवण्याची सक्ती नागरिकावर करता येत नाही. त्याच निकालाच्या तळटिपेत नोटांचा उल्लेख येतो. नोट पाकिटात असते, ती लोकांना दाखवत हिंडावं लागत नाही, म्हणून तिची गोष्ट वेगळी, असं न्यायालय म्हणालं.

मग शाळेच्या भिंतीचं काय? साउथ डकोटाने २०१९ मध्ये प्रत्येक सरकारी शाळेत हे ब्रीद ठळकपणे लावणं सक्तीचं केलं. टेक्ससने २०२१ मध्ये कायदा केला, की कुणी ब्रीदाचा फलक देणगी दिला तर शाळेने तो दर्शनी जागी लावलाच पाहिजे. डॅलसजवळच्या साउथलेकमध्ये एका संस्थेने दिलेले फलक लागले. ऑगस्ट २०२२ मध्ये एका पालकाने तिथल्या शाळा मंडळाला हेच ब्रीद अरबी लिपीत लिहिलेला फलक देऊ केला, इंद्रधनुष्याच्या रंगांतलाही देऊ केला. मंडळाने ते घेतले नाहीत, आमच्याकडे पुरेसे फलक आहेत असं सांगितलं. शब्द तेच, ईश्वरही एकच म्हणायचा, फक्त लिपी बदलली. या ब्रीदातला ईश्वर सर्वांचा आहे हा दावा तिथे सर्वांसमोर तपासला गेला आणि टिकला नाही. डॅलस-ह्यूस्टनच्या सरकारी शाळांत मराठी घरांतली मुलंही शिकतात. त्या फलकाखालून जाणाऱ्या मुलाने 'आमचा' या शब्दात आपण आहोत की नाही हे कुणाला विचारायचं?

ब्रीदाच्या बाजूचं म्हणणं तुच्छतेने उडवण्यासारखं नाही. दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात निर्मात्याचा उल्लेख आहे, आणि बहुसंख्यांना हे शब्द आपले वाटतात. प्रतिनिधिगृहाने २०११ मध्ये ब्रीदाला पुन्हा मान्यता दिली तेव्हा ३९६ मतं बाजूने होती, विरोधात फक्त ९. पण पहिली घटनादुरुस्ती लिहिली गेली ती अशाच विषयांत मतांची मोजदाद होऊ नये म्हणून.

आपल्याकडचा अनुभवही हेच सांगतो. २००६ च्या दोन रुपयांच्या नाण्यावरचं चिन्ह क्रूसासारखं दिसतं म्हणून ओरड झाली. बृहदीश्वर मंदिर आणि वैष्णोदेवी यांच्या स्मरणार्थ काढलेल्या नाण्यांविरुद्धची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळली. २०२२ मध्ये अरविंद केजरीवाल यांनी नोटांवर लक्ष्मी-गणपती छापण्याची मागणी केली. 'सत्यमेव जयते' हे आपलं ब्रीद मुंडकोपनिषदातलं आहे हे खरंच, पण ते कुणाला कोणत्याही देवावर विश्वास ठेवायला लावत नाही. मूळ धर्मग्रंथात असणं आणि नागरिकाच्या तोंडी श्रद्धा घालणं यांतला फरक तिथे नीट दिसतो.

आणि हा वाद आपल्या घटनाकारांनी समोरासमोर बसून घातलेला आहे. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत ह. वि. कामत यांनी प्रस्तावनेच्या सुरुवातीला 'ईश्वराच्या नावाने' हे शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. कामत मनापासून श्रद्धाळू होते. पंडित हृदयनाथ कुंझरू यांनी तिला विरोध केला : हीच प्रस्तावना विचार, विश्वास, श्रद्धा आणि उपासनेचं स्वातंत्र्य देते, मग प्रत्येकावर एक श्रद्धा लादायची कशी? कामत यांनी मतदान मागितलं. बाजूने ४१ मतं पडली, विरोधात ६८. प्रस्तावना 'आम्ही, भारताचे लोक' या शब्दांनीच सुरू होते.