वाटीभर चीज म्हणजे किती?

गेल्या दिवाळीत आमच्या स्वयंपाकघरात एक छोटेसे महाभारत घडले. अमेरिकेतल्या भाचीने फोनवर सांगितलेली मॅकरोनीची कृती सूनबाईने हौसेने करायला घेतली. त्यात किसलेले चीज होते दोन कप. एक कप म्हणजे आठ औंस, हे सूनबाईला पाठ. दोन कपांचे सोळा औंस, म्हणजे साडेचारशे ग्रॅम! तेवढे चीज तिने काट्यावर तोलून घातले. ओव्हनमधून जे बाहेर आले, त्यावर तेलाचा तवंग होता आणि ते इतके खारट, की आजोबांनी पहिल्याच घासाला पाण्याचा तांब्या मागितला. महागाचे चीज वाया गेले ते वेगळेच. ‘‘मोजून तर घातलं होतं, आई,’’ म्हणताना बिचारीचा आवाज कापरा झाला.

चूक हिशेबात नव्हती. मेख होती ‘औंस’ या शब्दात. औंस दोन आहेत. एक द्रवाच्या मापाचा, दुसरा वजनाचा. पाण्याच्या बाबतीत दोन्ही जवळजवळ सारखेच, म्हणून फसगत ध्यानात येत नाही. अमेरिकन कप सुमारे २३७ मिलिलिटरचा. त्यात किसलेले चेडार चीज हलक्या हाताने भरले तर बसते साधारण ११३ ग्रॅम, म्हणजे वजनाचे चारच औंस. तेच चीज सलग, ठासून भरले तर वजन अडीचशे ग्रॅमच्या घरात जाईल. थोडक्यात, कपात निम्मे चीज असते आणि निम्मी हवा! सूनबाईने हवेच्या जागीही चीजच घातले होते.

ही हवा किती, ते किसणी ठरवते. पार्मेझानसारखे कडक चीज अगदी बारीक किसणीवर किसले तर पिसासारखे फुलते. कप भरतो, पण वजन भरत नाही. उलट क्रीम चीज मऊ लोण्यासारखे, त्यात हवेला जागाच नाही. त्याचा एक कप २३० ग्रॅमच्या आसपास भरतो. चुरलेले फेटा चीज या दोहोंच्या मधले, दीडशे ग्रॅमचे. कप तोच, वजने मात्र तीन तऱ्हांची.

आपल्याला हे काही नवीन नाही. वाटीभर पोहे आणि वाटीभर गूळ यांचे वजन एक नसते, हे कोणीही सांगेल. आपल्याकडे शेरसुद्धा दोन होते, एक मापाचा आणि एक वजनाचा. धान्याचे माप शिगोशीग भरायचे की सपाट, यावरून तर कितीदा वाद होत! १९५६च्या कायद्याने मेट्रिक वजनेमापे आली आणि बाजारातला हा घोळ मिटला. स्वयंपाकघरातली वाटी मात्र तिथेच राहिली. अमेरिकेत फॅनी फार्मर या बाईंनी १८९६ साली आपल्या पाकपुस्तकात कप आणि चमचे सपाट करूनच मोजावेत, असा आग्रह धरला. शीग गेली, पण किसातली हवा राहिलीच.

यावर उपाय सोपा आहे. परकी कृती हाती आली की चीज किसलेले, चुरलेले की मऊ, हे आधी पाहावे. आपल्या नेहमीच्या किसणीने किसून, न दाबता एकदा कप भरावा, तोलावा आणि तो आकडा वहीत लिहून ठेवावा. पुढच्या वेळी किसायच्या आधीच वजन करता येते. बाजारातली चीजची छोटी चौकोनी वडी बहुधा २५ ग्रॅमची असते. किसलेल्या कपाला साडेचार वड्या, असा अंदाजही चालतो. घरातला कप २४० किंवा २५० मिलिलिटरचा असला तरी किसलेल्या चीजमध्ये जो फरक पडतो, तो पाच-सहा ग्रॅमचा. त्याची फिकीर नको.

संक्रांतीच्या सुटीत सूनबाईने तीच मॅकरोनी पुन्हा केली, २२५ ग्रॅम चीज घालून. आजोबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली. तिच्या वहीत आता ‘दोन कप’ खोडून ग्रॅम लिहिले आहेत. ते पाहून मीही माझी जुनी वही काढली. पानापानावर ‘वाटीभर’, ‘अंदाजाने’, ‘बेताचे’! माझा हात आहे तोवर ठीक. पण उद्या नातीने ती उघडली, तर तिने कोणाला विचारायचे? सध्या रोज एक पान तोलणे चालू आहे.