आयुक्ताला घरी कोण पाठवू शकतं?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

साकीनाक्याच्या जंक्शनला रिक्षात अर्धा तास अडकलेला माणूस आधी नगरसेवकाला शिव्या घालतो. साहजिक आहे, बॅनरवर फोटो त्याचाच असतो. पण रस्ता, नाला, पाणी या सगळ्याची अंमलबजावणी आयुक्ताच्या हातात असते. नगरसेवक आवडला नाही तर पुढच्या निवडणुकीत त्याला पाडता येतं. आयुक्ताला तर आपण निवडूनच देत नाही, राज्य सरकार पाठवतं. मग त्याला काढायचं कोणी?

हा प्रश्न मुंबईत दीडशे वर्षं जुना आहे.

क्रॉफर्ड साहेब

क्रॉफर्ड मार्केट माहितीय ना? त्या आर्थर क्रॉफर्डपासून सुरुवात करू. 1865 च्या कायद्याने मुंबईला म्युनिसिपल कमिशनर मिळाला आणि जवळपास सगळा कारभार त्याच्या एकट्याच्या हातात आला. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच युजरला रूट ॲक्सेस. क्रॉफर्डने काम केलं, पण पैसाही पाण्यासारखा ओतला. त्याच सुमारास शेअर बाजाराचा फुगा फुटला होता, लोक कंगाल झाले होते, आणि वर कराचा बोजा. 1871 मध्ये करदाते चिडून एकत्र आले आणि क्रॉफर्डची कारकीर्द संपली.

इथे तरुण फिरोजशाह मेहतांनी मांडलेला मुद्दा मला भारी वाटतो. सगळे म्हणत होते, कमिशनरचे अधिकार काढून कमिटीला द्या. मेहता म्हणाले, कारभार एकाच्याच हातात असू दे, पण त्याच्यावर लक्ष ठेवायला लोकांनी निवडलेली सभा हवी. 1872 च्या कायद्यात 64 सभासदांची सभा आली, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले.

हेच क्रॉफर्ड पुढे पुण्याला मोठ्या हुद्द्यावर गेले आणि 1888 मध्ये लाचखोरीच्या आरोपात अडकले. मामलेदारांनी साक्ष दिली की बढती-बदलीसाठी आम्ही पैसे दिले. खरं बोललात तर कारवाई होणार नाही, असं वचन सरकारने त्यांना दिलं होतं. चौकशीत लाच सिद्ध झाली नाही. हाताखालच्या लोकांकडून कर्ज घेतल्याच्या कारणावरून क्रॉफर्डची नोकरी गेली. आणि मग उलटा वाद सुरू झाला: पैसे दिल्याचं कबूल करणाऱ्या मामलेदारांनाही काढा! टिळक त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांचं म्हणणं सरळ होतं, सरकारने दिलेला शब्द पाळावा. साक्षीदारालाच शिक्षा झाली, तर पुढच्या वेळी साहेबाविरुद्ध तोंड कोण उघडणार?

कायदा काय म्हणतो

योगायोग बघा, मुंबई महापालिकेचा आजही चालणारा कायदा त्याच 1888 सालचा आहे. त्याच्या कलम 54 मध्ये दोन दरवाजे आहेत. पहिला, आयुक्त अकार्यक्षम असेल किंवा गैरवर्तन करत असेल तर राज्य सरकार त्याला काढू शकतं. दुसरा, एकूण नगरसेवकांपैकी किमान पाच-अष्टमांश जणांनी ठराव केला तर सरकारने त्याला काढायलाच हवं. मुंबईत 227 नगरसेवक, म्हणजे 142 मतं लागतील. हजर असलेल्यांपैकी नाही, एकूण संख्येपैकी. मुद्दामच अवघड ठेवलंय, नाहीतर एखाद्याचं अनधिकृत बांधकाम तोडलं की दुसऱ्या दिवशी आयुक्त घरी!

नवी मुंबईत काय झालं

बाकीच्या महापालिकांच्या 1949 च्या कायद्यातही हाच पाच-अष्टमांशचा आकडा आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये नवी मुंबईत 111 पैकी शंभराहून जास्त नगरसेवकांनी आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वास ठराव मंजूर केला. लागत होती फक्त 70 मतं. नगरसेवक म्हणत, हा माणूस आम्हाला विचारतच नाही. रस्त्यावर उतरलेले समर्थक म्हणत, अनधिकृत बांधकामांवर हात टाकला म्हणून पोटात दुखतंय. राज्य सरकारने ठराव अमलात आणला नाही, मुंढे राहिले. आणि मार्च 2017 मध्ये त्यांची पुण्याला पीएमपीएमएलमध्ये बदली झाली.

म्हणजे मतदानाने न हललेला माणूस एका बदलीच्या आदेशाने हलला. तुम्ही मुंढेंच्या बाजूचे असा वा विरोधातले, खरा रिमोट कोणाकडे होता ते कळलं ना?

अमेरिकेतही तोच घोळ

अमेरिकेच्या राज्यघटनेत लिहिलं होतं की मोठे अधिकारी नेमताना राष्ट्राध्यक्षाला सिनेटची संमती लागेल. काढताना लागेल का, हे लिहायचंच राहिलं! 1789 मध्ये पहिल्याच काँग्रेसमध्ये यावर मोठी चर्चा झाली. जेम्स मॅडिसनचं म्हणणं होतं, कामाची जबाबदारी राष्ट्राध्यक्षाची, तर काढण्याचा अधिकारही त्याचाच. सिनेटमध्ये मतं समसमान पडली आणि उपराष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्सच्या एका मताने मॅडिसनची बाजू जिंकली. तरी वाद मिटला नाही. 1868 मध्ये अँड्र्यू जॉन्सनवर महाभियोग चालला तो मंत्र्याला काढण्यावरूनच, आणि तो एका मताने वाचला.

दोन्हीकडे पेच एकच. काढणं सोपं केलं तर अधिकारी घाबरून काम करतो, अशक्य केलं तर तो कोणाचंच ऐकत नाही.

आपला संबंध काय

मार्च 2022 मध्ये मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षांहून जास्त काळ निवडणूक झालीच नाही. त्या काळात आयुक्तच प्रशासक. सभागृहाचे अधिकार त्याच्याकडे, आयुक्ताचेही त्याच्याकडेच. ज्या सभेने त्याला जाब विचारायचा, ती सभाच तो! कलम 54 चा दुसरा दरवाजा कायद्यात होता, पण उघडायला माणूस नव्हता. मेहतांनी मागितलेली अर्धी गोष्ट उरली होती, म्हणजे एकहाती कारभार. लक्ष ठेवणारी निम्मी बाजू गायब.

म्हणून महापालिकेची निवडणूक लांबते, तेव्हा 'आपल्याला काय फरक पडतो' म्हणू नका. आपलं मत फक्त नगरसेवक निवडत नाही, आयुक्तावर नजर ठेवणारे 227 डोळ्यांचे जोड निवडतं.

तुमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाने सभागृहात शेवटचा प्रश्न कोणता विचारला, ठाऊक आहे का? शोधा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!