बांधावरची बाभूळ कुणाचं काय खाते?

कृषी प्रदर्शनाच्या मांडवात हल्ली एक फलक हमखास दिसतो. कडेनं झाडं, मधे पीक, कोपऱ्यात शेळ्यांचा गोठा आणि वर ठळक अक्षरांत ‘एकात्मिक मॉडेल’. त्यासमोर थांबणाऱ्यांत दोन तट पडतात. एकाला वाटतं, ही काहीतरी बाहेरची योजना आहे, अनुदान मिळालं तर करू. दुसरा म्हणतो, झाड लावलं की पीक गेलं आणि शेळी आली की झाड गेलं; उगीच कशाला? सातारा-सांगलीत हे दोन्ही तट भेटतात याचं नवल वाटतं, कारण झाड, पीक आणि जनावर यांची मोट बांधायचे दोन जुने नमुने याच जिल्ह्यांत आजही चालू आहेत.

‘हे आपल्याकडचं नाही’

मिरजेच्या पूर्वेला मालगाव, बेडग, आरग, नरवाड या पट्ट्यात पानमळे आहेत. खाऊच्या पानाचा वेल स्वतःच्या बळावर उभा राहत नाही आणि भर ऊन त्याला सोसत नाही. म्हणून वाफ्यात आधी शेवरी, शेवगा, हादगा, पांगारा ही झाडं उभी करतात आणि मग वेल त्यांच्यावर चढवतात. झाड वेलाला आधार देतं, सावली धरतं, वारा अडवतं. यातली शेवरी, हादगा आणि पांगारा ही शेंगवर्गीय. त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र जमिनीत आणतात. सावली दाट झाली की फांद्या छाटाव्याच लागतात. तो पाला शेळ्या-म्हशींपुढे पडतो आणि लेंड्या-शेण पुन्हा रानात जातं. फलकावरचं मॉडेल याहून वेगळं काय सांगतं?

पानमळ्यातलं झाड लावून कुणी मोकळं होत नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवायला हवं. कुठली फांदी कधी उतरवायची, उन्हाळ्यात किती सावली राखायची, पावसाळ्यात किती उजेड आत सोडायचा, याचा हिशेब वर्षभर चालतो. म्हणजे झाडाची शेती कुदळीनं होत नाही, कोयत्यानं होते. खाली आलेले बहुतेक गैरसमज हा कोयता विसरल्यामुळेच झालेले आहेत.

दुसरा नमुना कोरड्या भागातला. माण, आटपाडी, जत, कवठेमहांकाळकडचे मेंढपाळ पावसाळा गावाकडे काढतात आणि दिवाळीच्या आगेमागे मेंढरं घेऊन कृष्णाकाठाकडे, काही कोकणात उतरतात. वाटेवरचा शेतकरी त्यांना मोकळ्या रानात मेंढरं बसवायला बोलावतो. वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून खांड रात्रभर शेतात कोंडतात. मोबदला धान्यात किंवा पैशांत. लेंडीबरोबर मूतही थेट जमिनीत मुरतं, ही यातली मोठी मिळकत. गोठ्याच्या उकिरड्यात हाच भाग वाया जातो. फक्त रान लवकर नांगरावं लागतं, नाहीतर त्यातलं नत्र अमोनिया होऊन हवेत उडून जातं. आणि या व्यवस्थेतलं झाड म्हणजे बांधावरची बाभूळ, जिच्या शेंगा चैत्र-वैशाखात शेळ्या-मेंढ्यांना तारतात.

इथे शेत एकाचं, मेंढरं दुसऱ्याची आणि झाड बहुतेक वेळा दोघांच्याही हिशेबात नाही. टेंभू आणि म्हैसाळ योजनांचं पाणी आल्यावर जिथे ऊस आणि डाळिंब वर्षभर उभं राहू लागलं, तिथे मोकळी रानं कमी झाली आणि मेंढरांच्या वाटाही आखडल्या. पाणी आलं याचं दुःख कुणीच करणार नाही, पण त्याच गावांत आता शेणखत ट्रॉलीनं विकत आणावं लागतं, हेही खरं.

‘झाडाखाली पीक येत नाही’

हा गैरसमज अर्धा खरा आहे आणि म्हणूनच चिवट आहे. निलगिरीच्या ओळीलगत ज्वारी खुरटते, हे डोळ्यांना दिसतं. वर पसरलेल्या चिंचेखाली बाजरी भरत नाही. पण ‘झाड’ असं सरसकट काही नसतं. कोणतं झाड, कोणतं पीक आणि बांध कुठल्या दिशेला धावतो, यावर उत्तर बदलतं.

ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस ही उन्हाची पिकं. सावली पडली की त्यांचं उत्पन्न घटतं. हळद आणि आलं यांना मात्र विरळ सावली चालते. सांगलीची हळद आणि साताऱ्याचं आलं बाजारात नाव कमावून आहेत, आणि हळदीच्या रानात एरंडाच्या ओळी घेण्याची पद्धतही जुनीच आहे. म्हणजे ज्या पिकांनी या जिल्ह्यांना नाव दिलं, त्यांतली दोन झाडाच्या सोबतीला तयार आहेत. भांडण आहे ते उसाचं आणि शाळूचं.

आता दिशा. आपला भाग साधारण 17 अंश उत्तर अक्षांशावर येतो. डिसेंबरात, शाळू ऐन वाढीत असताना, भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 50 अंश वर चढतो आणि तोही दक्षिणेकडे कललेला. वीस फुटी झाडाची सावली तेव्हा उत्तरेला सतरा फूट पडते. बांध पूर्व-पश्चिम असेल तर उत्तरेकडची पट्टी जवळजवळ दिवसभर सावलीत राहते. तोच बांध दक्षिणोत्तर असेल तर सावली सकाळी पश्चिमेला, दुपारनंतर पूर्वेला सरकते आणि कुठल्याच पट्टीला अख्खा दिवस झाकत नाही. पूर्व-पश्चिम बांधावर झाड आपलं आणि उत्तरेकडचं रान शेजाऱ्याचं असेल, तर तहसील कचेरीची पायरी चढायची तयारी ठेवावी. भावकीतली कितीतरी भांडणं बांधावरून सुरू होतात, त्यांत सावलीचा वाटा थोडाथोडका नसेल.

मुळांचं भांडण पाण्यासाठी असतं. झाडाच्या ओळीपासून तीन-चार फुटांवर दोन-अडीच फूट खोल चर काढला की वरच्या थरात पसरणारी मुळं तुटतात आणि पिकाला श्वास मिळतो. फांद्या छाटल्या की पानांतून उडणारं पाणीही कमी होतं. पुन्हा कोयताच.

‘शेळी आली की झाड गेलं’

पाणलोटाच्या कामात ‘कुऱ्हाडबंदी, चराईबंदी’ ही घोषणा गावोगाव रुजली आणि तिचा फायदाही झाला. पण तिच्यातून शेळी ही झाडाची वैरीण ठरली. शेळीचा दोष इतकाच की ती शेंडा आधी खाते. पहिल्या दोन-तीन वर्षांत रोप तिच्या तोंडी लागलं तर संपलं. त्यानंतर शेंडा तिच्या आवाक्याबाहेर गेला की झाड टिकतं. मधल्या काळात कुंपण करा किंवा शेळी बांधून पाला तिच्यापुढे आणून टाका, एवढंच. उपद्रव होतो तो मोकाट चराईचा.

हिशेब करून पाहा. तीस किलोच्या शेळीला दिवसाला साधारण एक किलो कोरडी वैरण लागते. त्यात तिसरा हिस्सा झाडपाला धरला तर दहा शेळ्यांना रोज दहा-बारा किलो ओला पाला हवा. बांधभर शेवरी-सुबाभूळ असलेल्याला हे जड नाही. ज्याच्याकडे दोन झाडं आणि वीस शेळ्या आहेत, त्याच्याकडे मात्र झाडंच संपतील. हा दोष शेळीच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

चाऱ्याचा हा हिशेब मेंढीलाही लागू होतो. फलटणला 1968 पासून काम करणाऱ्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं ‘नारी सुवर्णा’ ही जुळी कोकरं देणारी मेंढी तयार केली. त्यासाठीचं जनुक सुंदरबनातल्या गारोळ मेंढीकडून आलं. जुळी कोकरं म्हणजे दूध जास्त लागणार, म्हणजे मेंढीला चारा चांगला लागणार. सुधारित जनावर आणलं आणि चारा जुनाच राहिला, तर पदरी फक्त दगावलेली कोकरं पडतात.

‘एक झाड, एकरी लाखो’

चंदन, मिलिया, महागनी यांच्या जाहिराती वाचल्या की सुबाभळीची आठवण येते. 1970 च्या दशकात मणिभाई देसाईंच्या उरुळी कांचनच्या ‘बाएफ’ या संस्थेनं तिची सुधारित वाणं हवाईहून आणून पसरवली. चारा, सरपण, नत्र, सगळं एका झाडात. कल्पवृक्ष म्हणूनच ती गावोगाव गेली. 1988 च्या सुमारास सायलिड नावाची रस शोषणारी बारीक कीड भारतात पोचली आणि शेंडे वाळू लागले. मग गावात सूर पालटला: सुबाभूळ विषारी, जनावराचे केस जातात.

तेही पूर्ण खरं नाही. तिच्या पाल्यात मिमोसिन असतं आणि घोडा-डुकरासारख्या जनावरांना ते बाधतं. रवंथ करणाऱ्यांचं वेगळं, तिथे ते पोटातल्या जिवाणूंवर ठरतं. ऑस्ट्रेलियातल्या गुरांना सुबाभूळ बाधत होती. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञानं हवाईतल्या शेळ्यांच्या पोटातले जिवाणू या गुरांच्या पोटात सोडले आणि ती सुबाभूळ पचवू लागली. आपल्याकडे रोजच्या चाऱ्यात तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवली तर काळजीचं कारण नाही. सुबाभूळ कल्पवृक्ष नव्हती आणि विषवल्लीही नाही, चाऱ्याचं एक चांगलं झाड आहे.

2019 मध्ये इस्लामपूर भागात कडकनाथ कोंबड्यांच्या नावानं कशी फसवणूक झाली ते सांगलीकरांना सांगायला नको. खरेदीची हमी, तयार पिल्लं, आकड्यांची रांगोळी. झाडांच्या जाहिरातीत हीच भाषा दिसली की सावध व्हावं. लाकडासाठी लावलेलं झाड बऱ्याच वर्षांनी पैसे देतं आणि तोवर घर चालतं ते पिकावर आणि दुधावर.

‘एक गाय असली की खत विकत नको’

गणित साधं आहे. एक देशी गाय दिवसाला दहा किलो शेण देते असं धरा. वर्षाला साडेतीन टनांहून थोडं अधिक, आणि त्यात नत्र जेमतेम पंधरा किलो. सुरू उसाला हेक्टरी 250 किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी शंभर. एका गाईवर ऊस पिकत नाही. पण हलक्या रानात मटकी-हुलग्याची फेरपालट आणि शेंगवर्गीय झाडाचा पाला यांच्या जोडीला तेच शेण मोठं काम करतं. शेणखताचा खरा उपयोग जमिनीत ओल धरण्याचा, आणि 500 मिलिमीटर पावसाच्या माणात तो नत्राइतकाच मोलाचा आहे.

पावसाचा विषय निघालाच आहे म्हणून एवढंच: बांधावर झाडं लावून माणात पाऊस वाढणार नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतलं दहिवडी कोरडं राहतं, ते सह्याद्रीमुळे. झाडं पडलेला पाऊस अडवतात, वारा मोडतात. तेवढं काम कमी नाही.

‘लावलं तर तोडता येणार नाही’

या भीतीनं कितीजण बांधावर झाडच येऊ देत नाहीत. 1964 च्या राज्याच्या कायद्यानुसार ठरावीक जातींसाठीच तोडीची परवानगी लागते. त्यात साग, आंबा, चिंच, जांभूळ, फणस, हिरडा, मोह, खैर, चंदन अशी झाडं येतात. शेवरी, सुबाभूळ, शेवगा, बाभूळ त्या यादीत नाहीत. त्यांच्या फांद्या पाल्यासाठी उतरवायलाही या कायद्याची आडकाठी नाही. बांबूचा प्रश्न 2017 च्या दुरुस्तीनं सुटला. वनाबाहेरचा बांबू आता कायद्यानं झाड धरला जात नाही. लाकूड गावाबाहेर न्यायचं तर वाहतूक परवान्याचे नियम वेगळे असतात आणि जातीनुसार बदलतात. ते वन विभागाकडे आधी विचारून घ्यावेत, गाडी भरल्यावर नव्हे.

आणि सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्यावी. 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला मोबाइलवरून बांधावरची झाडं स्वतः नोंदवता येतात. रस्त्याला किंवा कालव्याला जमीन गेली तर झाडांचं मूल्य वेगळं धरतात, आणि नोंद नसलेल्या चिंचेसाठी मोजणीच्या दिवशी पंच गोळा करत फिरावं लागतं.