आरमाराची सज्जता कुठे घडते?

माथेरानसारख्या डोंगरावरच्या गावात नौदलावर व्याख्यान कशाला, असं कुणी विचारलं तर ते गैर नाही. आम्ही आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात घालवलं. जहाज कसं चालवतात हे आम्ही सांगायला लागलो तर तुम्ही हसाल, आणि हसावंच. पण 'सज्जता' म्हणजे नेमकं काय, हा शब्द तपासणं आमच्या विषयात बसतं. आणि तो तपासायला घेतला की समुद्राकडे पाठ करून जमिनीकडेच बघावं लागतं.

ह्या डोंगराखाली, वायव्येला कल्याण आहे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि तिथल्या खाडीत लढाऊ जहाजं बांधायला सुरुवात केली. जहाजबांधणीचं कसब पोर्तुगीज कारागिरांकडे होतं, म्हणून रुय लैतांव व्हिएगस आणि त्याची माणसं कामावर ठेवली. जहाजं सिद्दीसाठी आहेत असं सांगितलं होतं. पण उद्या ती आपल्यावरच येतील हे वसईच्या पोर्तुगीजांनी ओळखलं. १६५९ मध्ये त्यांनी ह्या कारागिरांना फितवलं, आणि ती मंडळी काम टाकून निघून गेली. लाकूड, पैसा, इच्छा सगळं होतं. हात मात्र दुसऱ्याचे होते. महाराज तिथे थांबले नाहीत, इथल्याच माणसांकडून काम पुढे नेलं, म्हणून आरमार उभं राहिलं.

आता हीच गोष्ट आजच्या नौदलात बघा. आयएनएस विशाखापट्टणम ही विनाशिका आपल्या माझगाव डॉकने बांधली, २०२१ मध्ये ती दाखल झाली. तिची गॅस टर्बाइन इंजिनं युक्रेनची. 'तुशिल' ही फ्रिगेट आपण रशियाकडून बांधून घेतली, तिचीही इंजिनं युक्रेनचीच. म्हणजे युक्रेनकडून घेतलेली इंजिनं आपण रशियाला नेऊन द्यायची, त्यांनी ती जहाजात बसवायची, आणि ते दोन देश एकमेकांशी युद्ध करताहेत! २०२४ च्या डिसेंबरात जहाज मिळालं खरं. पण सुट्या भागांसाठी पुढची तीस वर्षं कुणाचं दार वाजवायचं, हा प्रश्न जहाजाबरोबरच आला. सगळंच असं आहे असं मात्र नाही. 'विक्रांत'साठी बाहेरून पोलाद मिळेना, तेव्हा हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने आणि सेलने ते इथेच तयार केलं. २०२२ मध्ये दाखल झालेलं ते जहाज त्याच पोलादाचं आहे. अडचण आली म्हणून ही विद्या आली, बरं का.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर एक प्रकरण आहे. ते १७१५-१६ च्या सुमाराचं. अनेक जण त्यातला आंबा-फणसाचा भाग तेवढा सांगतात: ही झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली, वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, तेव्हा मालकाला राजी केल्याशिवाय तोडू नका. आम्हाला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पैशाचा भाग. आरमाराचा खर्च मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, बंदराच्या मिळकतीवर टाकू नये, असं पंत सांगतात. बंदरावर टाकला की व्यापाऱ्यांना त्रास होतो, व्यापार बुडतो, आणि ज्याच्या रक्षणासाठी आरमार ठेवलं तेच जातं. खर्च ठरलेला हवा, वर्षानुवर्षं चालणारा हवा. झाडाचा काळ आणि जहाजाचा काळ सारखाच, दशकांचा. आपला हिशोब मात्र वर्षाच्या अंदाजपत्रकाचा.

ह्या विसंगतीचा सगळ्यात बोचरा नमुना म्हणजे 'कलवरी' पाणबुडी. माझगावलाच बांधली, २०१७ मध्ये दाखल झाली. तिच्यासाठी निवडलेल्या नव्या टॉर्पेडोची खरेदी आधीच रद्द झाली होती, कारण त्या उत्पादकाच्या उद्योगसमूहाचं नाव हेलिकॉप्टर खरेदीच्या भ्रष्टाचार प्रकरणात आलं होतं. रद्द करणं चूक होतं असं आम्ही म्हणत नाही. पण रद्द केल्यावर दुसरं आणायची घाई कुणालाच नव्हती. नवी पाणबुडी जुने टॉर्पेडो घेऊन समुद्रात उतरली.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. आरमार लढाईतच बुडतं असं नाही, ते बंदरातही जळतं. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांची जहाजं एकमेकांना खेटून नांगरलेली होती. इंग्रजांच्या तोफगोळ्याने 'रेस्टोरेशन' नावाचं, पूर्वी त्यांच्याकडूनच जिंकलेलं जहाज पेटलं आणि त्या आगीत सगळं आरमार गेलं. इंग्रजांना त्यासाठी मदत होती नानासाहेब पेशव्यांची. किनाऱ्यावरचं भांडण पुण्यात बसून असं मिटवलं, आणि कान्होजींनी उभी केलेली ताकद मराठ्यांच्याच हाताने संपली. आजचे धोके वेगळे, पण १४ ऑगस्ट २०१३ ला मुंबईच्या गोदीत 'सिंधुरक्षक' पाणबुडीत स्फोट झाला आणि १८ नौसैनिक गेले. जुलै २०२४ मध्ये त्याच गोदीत दुरुस्तीसाठी आलेल्या 'ब्रह्मपुत्र'ला आग लागून ती कलंडली, एका नौसैनिकाचा जीव गेला. तेव्हा शत्रू कुठेच नव्हता.

ड्रोनबद्दल प्रश्न येईलच. डिसेंबर २०२३ मध्ये गुजरातच्या किनाऱ्यापासून दूर 'केम प्लूटो' ह्या व्यापारी जहाजावर ड्रोन आदळला. स्वस्त ड्रोन पाडायला महागडं क्षेपणास्त्र किती दिवस परवडेल, हा हिशोब जगातल्या सगळ्याच नौदलांना छळतो आहे. त्याला तयार उत्तर नाही. उत्तर शोधणारी माणसं मात्र लागतात. समोरचा बोरघाट चढून लोणावळ्याला गेलात तर तिथे १९४५ पासून आयएनएस शिवाजी आहे. ते जहाज नव्हे, नौदलाच्या इंजिनिअरांचं प्रशिक्षण केंद्र आहे. इंजिन उघडून ते का बंद पडलं हे सांगणारा माणूस तिथे, समुद्रापासून लांब, डोंगरात घडतो. तिथे शिकलेल्यांपैकी किती जण पुढे इंजिन बांधण्याच्या कामात राहतात, एवढं आम्हाला नौदलाला विचारायचं आहे.