फास्ट एसी लोकलचं भाडं किती?

मंडळी, तुमच्यापैकी निम्मे जण आज लोकलनेच आलात, तेव्हा उदाहरणही लोकलचंच घेऊ.

प्रोग्रामिंगमध्ये 'क्लास' म्हणजे वस्तूंचा एक वर्ग. समजा 'लोकल' हा मूळ क्लास. त्यात लिहिलंय: सगळ्या स्टेशनांवर थांबा, भाडं साधं. त्याची दोन अपत्यं. 'फास्ट लोकल' फक्त थांबे बदलते, भाड्याबद्दल काही बोलत नाही. 'एसी लोकल' भाडं बदलते. आता कल्याणहून सुटणारी फास्ट एसी लोकल घ्या. ती या दोघांचीही वारस. तिचं भाडं किती?

पायथॉन भाषेचा जुना नियम असा: आधी पहिल्या पालकाला विचारा, त्याला माहीत नसेल तर त्याच्या पालकाला. म्हणजे फास्ट, मग लोकल. तिथे 'साधं भाडं' सापडलं, शोध संपला. एसीला कुणी विचारलंच नाही! प्रोग्राम बंद पडत नाही, तक्रार करत नाही, फक्त चुकीचं उत्तर देतो. डोंबिवलीला टीसीने पकडलं की दंड मात्र तुमचा.

डिसेंबर २००१ मध्ये पायथॉन २.२ आली. तिच्यातल्या नव्या धाटणीच्या क्लासांसाठी नियम बदलला: समान पूर्वजाला सगळ्यात शेवटी विचारायचं. फास्ट, एसी, मग लोकल. २००३ च्या २.३ मध्ये तो आणखी काटेकोर झाला. सुसंगत क्रम लागतच नसेल, तर भाषा असा क्लास बनवायलाच नकार देते.

हा नकार आपल्याला नवा नाही. हजारेक वर्षांपूर्वी उदयनाचार्यांनी जे 'जातिबाधक' सांगितले, त्यांत एक 'संकर' आहे. आकाश भूत आहे, मूर्त नाही, मन मूर्त आहे, भूत नाही, पृथ्वी दोन्ही. दोन धर्म असे एकमेकांना छेदत असतील, तर ते खऱ्या जाती मानायचे नाहीत. नैयायिकांनी छेद नाकारला. पायथॉनने तो स्वीकारला, पण विचारण्याचा क्रम ठरवून दिला.

आणि मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. जुना नियम लगेच मोडीत काढला नाही. नवा हवा असेल त्याने आपला क्लास 'ऑब्जेक्ट' या मूळ क्लासचा वारस करून तो मागून घ्यायचा. जुने क्लास गेले ते डिसेंबर २००८ मध्ये, पायथॉन ३.० आली तेव्हा. सात वर्षं दोन्ही नियम शेजारी नांदले. कारण नवा नियम कितीही बरोबर असला, तरी जुन्यावर विसंबून लोकांनी हिशेब मांडलेले असतात. ते तपासून घ्यायला त्यांना वेळ द्यावा लागतो.