लोआर ते बोरी: नदीखोऱ्यातील द्राक्षबाग सायकलवरून कशी वाचावी

फ्रान्समध्ये द्राक्षबागा पाहायला लोक मोटार सोडून सायकल घेतात. लोआर नदीच्या काठाने नव्हेर शहरापासून अटलांटिक समुद्रापर्यंत सुमारे 900 किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. बर्गंडी भागात बोन ते सांतने हा छोटा मार्ग तर थेट वेलींच्या ओळींमधून जातो. तिथे हे पर्यटन आहे. आपल्याकडे मात्र त्याचा वेगळा उपयोग होऊ शकतो, कारण सायकलचा वेग बाग वाचायला सोयीचा असतो. उतार पायाला कळतो. सखल भागातला गारवा अंगाला लागतो. पानावरचे दव किती वाजेपर्यंत टिकले, हे मोटारीतून दिसत नाही.

धाराशिव जिल्ह्यात तुळजापूर तालुक्यातील काटी, सावरगाव परिसरात द्राक्षबागा आहेत. शेजारी सोलापूर जिल्ह्यातील नान्नज आहे, जिथून 'सोनाका' आणि 'शरद सीडलेस' ही वाणे पुढे आली. बोरी, तेरणा, सीना आणि मांजरा ही आपली नदीखोरी. ऑक्टोबर 2020 चा परतीचा पाऊस आणि सप्टेंबर 2025 मध्ये परंडा-भूम भागात सीनेला आलेला पूर आठवला, की बाग कुठे उभी आहे हा प्रश्न किती महागाचा आहे हे वेगळे सांगायला नको. औषध बदलता येते, वाणही बदलता येते, पण बागेची जागा बदलता येत नाही.

नदी जवळ म्हणजे बाग चांगली?

फ्रान्सच्या मेडॉक भागात चांगल्या वेलीला नदी दिसली पाहिजे, असे म्हणतात. यातला शब्द नीट पाहा. वेलीला नदी 'दिसली' पाहिजे, वेल नदीत नको. तिथल्या चांगल्या बागा नदीने पूर्वी वाहून आणलेल्या गोट्यांच्या उंचवट्यांवर आहेत. पाणी खाली झटकन निघून जाते आणि मुळे हवेशीर राहतात. शिवाय तिथले नदीपात्र इतके रुंद आहे, की थंडीची धार थोडी बोथट होते.

आपली बोरी किंवा तेरणा उन्हाळ्यात आटते, त्यामुळे हवामान सौम्य करण्याचा फायदा तिच्याकडून मिळत नाही. काठाची जमीन बहुधा खोल, काळी आणि चिकण असते. ती पाणी धरते आणि पावसानंतर लवकर वाफसा देत नाही. सोयाबीन, हरभरा, ज्वारीला ती चालेल. द्राक्षाला मात्र निचऱ्याची मध्यम जमीन किंवा बालाघाटच्या उताराकडची मुरमाड जमीन बरी, अर्थात पाण्याची खात्रीची सोय असेल तर. नदीकाठची जमीनच वापरायची असेल, तर आधी चर काढा, गादीवाफे उंच घ्या आणि मगच रोपांचा विचार करा.

धुके: तिथे सोने, इथे केवडा

बोर्डो शहराच्या दक्षिणेला सोतेर्न भागात सिरों नावाची थंड पाण्याची लहान नदी गारोन नदीला मिळते. शरद ऋतूत तिथे सकाळी धुके दाटते आणि दुपारी ऊन पडते. त्या ओलाव्यावर पिकलेल्या मण्यांत बोट्रायटिस बुरशी वाढते, मणी सुकतो, साखर दाटते आणि त्यापासून महागडी गोड वाईन तयार होते.

आपल्याकडे खाण्याची द्राक्षे आणि बेदाणा ही मुख्य उत्पादने. मण्यावर बुरशी म्हणजे माल गेला. फळछाटणीनंतर कोवळी फूट आणि घड असताना धुके किंवा दव टिकले, तर केवडा आलाच समजा. युरोपात केवड्यासाठी 'तीन दहा'चा नियम वापरतात: तापमान किमान 10 अंश, पाऊस 10 मिलिमीटर आणि फूट 10 सेंटीमीटर. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये तापमानाची अट आपोआप पूर्ण होते. म्हणून तापमानापेक्षा पान किती तास ओले राहते, यावर लक्ष ठेवा. एकाच गावात उंचावरची बाग सकाळी लवकर कोरडी होते आणि ओढ्याकाठची उशिरापर्यंत ओली राहते. दोघांनी एकच फवारणी वेळापत्रक पाळले, तर ओढ्याकाठचा शेतकरी मागे पडतो.

थंडीचेही तसेच आहे. रात्री गार हवा पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगट भागात साठते. फ्रान्समध्ये एप्रिलमध्ये कोवळ्या फुटीवर दहिवर पडते, म्हणून बागेत रात्रभर मोठ्या मेणबत्त्या पेटवतात. एप्रिल 2021 मध्ये तरीही तिथे मोठे नुकसान झाले. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत सखल बागेत मण्यांची फुगवण मंदावते आणि पिंक बेरी जास्त दिसते. घडांना कागद गुंडाळण्याचे काम आधी अशा तुकड्यात घ्या.

तिथे एक छाटणी, इथे दोन

फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेल झोपतो. पाने गळतात, थंडीत एकदा मुख्य छाटणी होते, वसंतात फूट येते आणि साधारण सप्टेंबरमध्ये तोडणी. आपल्याकडे वेल पूर्ण झोपत नाही, त्यामुळे त्याला छाटणीने वळण द्यावे लागते. एप्रिलच्या खरड छाटणीत काडी तयार होते आणि ऑक्टोबरच्या सुमारास घेतलेल्या फळछाटणीत त्या काडीवर घड येतात. खरड छाटणीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत डोळ्यात सूक्ष्म घड ठरतो. म्हणजे मे-जूनमध्ये पाणी, ऊन आणि अन्न यांचा तोल बिघडला, तर त्याची किंमत पुढच्या फेब्रुवारीत कळते. परदेशी छाटणीचे व्हिडिओ पाहून तारखा ठरवू नका. त्यातून तंत्र शिका, वेळापत्रक इथलेच ठेवा.

रस्त्याकडेच्या ओळीने शिकवलेला उपाय

1882 च्या शरद ऋतूत वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे मेडॉकमधील सँ-ज्युलियां भागातून जात होते. केवड्याने बागांची पाने गळली होती, पण रस्त्याकडेच्या ओळी हिरव्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून मालकाने त्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. मिलार्दे यांनी त्यावर प्रयोग केले आणि 1885 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेच आपले बोर्डो मिश्रण.

एक टक्का मिश्रणासाठी 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चांगला चुना लागतो. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करावे. सामू सातच्या जवळ आहे का, हे तपासावे. लोखंडी खिळा बुडवून त्यावर तांबूस थर आला, तर चुना कमी आहे. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. कोवळ्या फुटीवर तीव्रता कमी ठेवावी आणि मण्यांवर डाग पडतील अशा अवस्थेत ते वापरू नये.

पिवळी पाने आणि टेक्सासचे खुंट

1860 च्या दशकात फिलॉक्सेरा या मुळांवरील किडीने फ्रान्सच्या बागा वाळू लागल्या. उपाय म्हणून अमेरिकन खुंट आणले, पण चुनखडीच्या जमिनीत तेही पिवळे पडले. मग 1887 मध्ये पिएर व्हियाला यांना अमेरिकेत पाठवले गेले. टेक्सासमध्ये टी. व्ही. मन्सन यांनी त्यांना चुनखडीत तग धरणाऱ्या जंगली जाती दाखवल्या. आपल्याकडचा 110 आर हा त्यांपैकी बर्लांडिएरी जातीच्या संकरातून आला आहे, आणि डॉगरिज हाही मूळचा टेक्सासचाच.

महाराष्ट्रात खुंट रुजले ते मुख्यतः पाणीटंचाई आणि क्षारांमुळे. तरी धडा तोच आहे: खुंट जमीन पाहून निवडा. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी जास्त असेल, तर कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. अशा वेळी केवळ लोह फवारून काम भागत नाही. लागवडीपूर्वी तीन फुटांपर्यंतच्या थरांचे माती नमुने द्या आणि मुक्त चुन्याचे प्रमाण, सामू व क्षारता तपासून घ्या.

एका सकाळच्या फेरीत काय टिपावे

शेतकरी गट आणि कृषी सहायकांनी फळछाटणीपूर्वी एकदा आणि छाटणीनंतर दर आठवड्याला अशी फेरी काढावी. सूर्योदयाच्या सुमारास निघावे.

- प्रत्येक बाग उंचावर, उतारावर की खोलगट भागात, याची नोंद.
- पाने कोरडी झाल्याची वेळ.
- पावसानंतर ओळीत पाणी किती वेळ उभे राहिले.
- छाटणीची तारीख आणि फुटीची लांबी.
- कच्च्या रस्त्याकडेच्या दोन-तीन ओळी. धुळीत लाल कोळी वाढतो, म्हणून या ओळी वेगळ्या तपासाव्यात.
- पिवळ्या पानांचे पट्टे. ते बहुधा चुनखडीचे किंवा पाणी साचण्याचे पट्टे असतात.

एका बागेतून दुसऱ्या बागेत जाताना बूट आणि सायकलच्या चाकांची माती धुवा. सूत्रकृमी मातीबरोबरच प्रवास करतात.

पाहुणे येणार असतील तर

नळदुर्गचा किल्ला, बोरीवरचा पाणीमहाल आणि तुळजापूरचे देवस्थान यांमुळे जिल्ह्यात लोक येतातच. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांना बाग दाखवून थेट विक्री करता येईल. राज्याचे कृषी पर्यटन धोरण 2020 पासून आहे आणि नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. मात्र पाहुणा घड तोडून जागेवरच खातो. म्हणून त्याच्यासाठी वेगळा प्लॉट ठेवा, प्रत्येक औषधाचा काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी पूर्ण झाल्याशिवाय तो उघडू नका आणि फवारणीच्या नोंदी हाताशी ठेवा.

नवीन बाग लावण्याच्या विचारात असाल, तर रोपे सांगण्याआधी एक पावसाळा त्या शेताकडे वरचेवर सायकलने जाऊन पाहा. पाणी कुठे थांबते, दव कधी उठते आणि थंडी कुठे साचते, हे वहीत लिहा. ज्या तुकड्यात या तिन्ही नोंदी वाईट आहेत, तो द्राक्षासाठी सोडून द्या आणि तिथे दुसरे पीक घ्या.